आधी घाट उतरा, इंदूर नंतर बघा

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय: दिवाळीनंतर गुरुवारी सकाळी इंदूरला उतरणार, रविवारी रात्रीच्या गाडीनं परत. माणसं पाच, त्यांत 72 वर्षांच्या सासूबाई, गुडघे दुखरे. देवदर्शनाचा हट्ट नाही. जुने वाडे, राजवाडे, चर्च बघायची हौस आहे, नर्मदेकाठीही एक-दोन रात्री राहायचंय. कुठून सुरुवात करावी, काय सोडावं?

ताई, गेली 24 वर्षं मी इंदूर आणि निमाडात, म्हणजे खालच्या नर्मदेच्या खोऱ्यात, लोकांना हिंडवतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. पहिली गोष्ट म्हणजे उतरल्या उतरल्या राजवाड्याकडे धावू नका. सगळे तेच करतात. सकाळी पोहे-जिलबी, दहाला राजवाडा, बाराला लालबाग, तीनला काच मंदिर, आणि दुसऱ्या दिवशी महेश्वर ‘उरकून’ रात्री सराफ्यात खायला. मग जेवताना विचारलं की नक्षीचा खांब कुठं पाहिला, तर घरातल्या पाच जणांची पाच उत्तरं. मीही सुरुवातीची सात-आठ वर्षं लोकांना असंच फिरवलं. एकदा पुण्याचे एक आजोबा लालबागेतून बाहेर पडता पडता म्हणाले, “हे सगळं ठीक आहे हो, पण ही माणसं याआधी राहत कुठं होती?” त्या दिवसापासून मी क्रम उलटा केला.

होळकरांची घरं मुख्य अशी चार: महेश्वरचा वाडा, इंदूरचा राजवाडा, लालबाग आणि माणिकबाग. याच क्रमानं बघितली तर एकाच घराण्याचं बसणं-उठणं कसं बदलत गेलं ते डोळ्यांसमोर येतं. गादीवर मांडी घालून बसणारी माणसं आधी खुर्चीवर आली, मग नाचघरात, आणि शेवटी बर्लिनच्या वास्तुविशारदानं आखून दिलेल्या खोल्यांत. चर्च ही याच गोष्टीतल्या दुसऱ्या पक्षाची, म्हणजे इंग्रजांची, घरं. तुमच्या यादीत ती वेगळी लिहिली आहेत, पण बघताना वेगळी काढू नका.

गुरुवारी स्टेशनजवळ अंघोळ-नाश्ता उरकून दहाच्या आत गाडी काढा आणि थेट महू गाठा. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकरांची फौज हरली आणि 6 जानेवारी 1818 ला मंदसोरला तह झाला. होळकरांच्या बाजूनं बोलणी करणारे तात्या जोग, आपलेच मराठी कारभारी. त्या तहानंतर इंदूर राजधानी झालं, इंदुरात इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला त्यांचा प्रतिनिधी, बसला आणि महूला त्यांची छावणी पडली. म्हणून महूचे रस्ते इतके सरळ, बंगले इतके मागे सरकलेले, आणि चर्चही एक नाही, प्रॉटेस्टंटांचं वेगळं, कॅथलिकांचं वेगळं.

आठवड्याच्या मधल्या वारी ही चर्च बहुतेक कुलूपबंद असतात. आवारात राखणदार असतो, त्याला नीट विचारलं तर तो दार उघडतो. न उघडलं तर वाद घालू नका, ते प्रार्थनेचं घर आहे, तिकिटाची जागा नाही. आत गेलात की वेदीकडे लगेच जाऊ नका. आधी भिंतींवरच्या स्मृतिशिला वाचा. कोण किती वर्षांचा होता आणि कशानं गेला, हे बघत चला. जुन्या छावण्यांमधल्या अशा पाट्यांवर तापानं, पटकीनं गेलेली विशी-पंचविशीतली पोरं सापडतात, आणि मग ‘इंग्रज’ हा शब्द जरा माणसात येतो. एक ध्यानात ठेवा, महू आजही लष्कराचं गाव आहे. कुठल्या फाटकाचा, कुठल्या इमारतीचा फोटो काढायचा आणि कुठला नाही, ते विचारून घ्या. माझ्या एका पाहुण्यांचा कॅमेरा इथं अर्धा तास अडकून पडला होता, चूक त्यांची आणि न सांगणाऱ्या माझीही.

महूतच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मस्थळ आहे. 14 एप्रिल 1891 ला ते इथल्या छावणीत जन्मले, वडील सैन्यात होते. स्मारकाला अर्धा तास तरी द्या.

महूहून पाताळपाणी–काळाकुंडची जुनी मीटरगेज गाडी दिसते तेवढी सोपी नाही. ती बहुतेक पावसाळ्यात आणि शनिवार-रविवारीच धावते, तुमच्या वारांत बसत नाही. पण हा लोखंडी रस्ता झाला कसा, ते ठाऊक असू द्या. दुसऱ्या तुकोजीरावांनी त्यासाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. काळाकुंडच्या फलाटावरचा कलाकंद पुढच्या खेपेला.

महूहून महेश्वरला दोन वाटा. मोठा आग्रा-मुंबई रस्ता मानपूर, धामनोदवरून जातो, रुंद आहे, ट्रकही तितकेच. दुसरी वाट जाम दरवाज्याची. ड्रायव्हर पहिली सुचवेल, तुम्ही दुसरीच धरा. माळव्याचं पठार जिथं संपतं, नेमक्या त्या कड्यावर अहिल्याबाईंनी 1791 मध्ये हा दरवाजा बांधला. आजूबाजूला तटबंदी नाही, गाव नाही, नुसता दगडी दरवाजा, वर पहारेकऱ्यांच्या खोल्या. त्याच्या कमानीत उभं राहिलं की मागे माळवा आणि पुढे, पायांखाली म्हणावं इतकं खाली, निमाड, नर्मदेचं खोरं. वारा इतका असतो की बोललेलं ऐकू येत नाही. सासूबाईंना वरच्या खोल्यांपर्यंत चढवू नका, खाली कमानीतूनच सगळं दिसतं. शाल जवळ ठेवा. घाट उतरलात की हवा बदलते, कापूस, मिरची, केळी दिसू लागतात आणि शाल पुन्हा पिशवीत जाते. अंधार पडायच्या आत घाट उतरून व्हा, वळणं आवळ आहेत. मंडलेश्वरवरून महेश्वरला चहाच्या वेळी पोचाल.

शुक्रवार सबंध महेश्वरला द्या. इथं मी कुणाचं ऐकत नाही.

कुंभेरीच्या वेढ्यात 1754 ला अहिल्याबाईंचा नवरा गेला, 1766 ला सासरे मल्हारराव गेले, 1767 ला मुलगा मालेराव गेला. त्याच वर्षी अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला आणि नर्मदेकाठी महेश्वरला बस्तान हलवलं. 13 ऑगस्ट 1795 ला त्या इथंच गेल्या. इतक्या मोठ्या मुलखाचा कारभार जिथून चालला, ते घर बघायला जाताना लोक मनात राजवाडा घेऊन येतात, आणि आत शिरल्यावर त्यांचे चेहरे पडतात. “एवढंच?” हा शब्द मी किती वेळा ऐकलाय, गणतीच नाही. हो, एवढंच. चौक, भोवती सोपे, लाकडी खांब, वर कडीपाट. आपल्या नाशिक-पुण्याकडचा एखादा बऱ्यापैकी सरदारी वाडा असावा तसा. ओसरीवर पांढरी गादी, लोड, आणि तिथं बाईंची मूर्ती बसवलेली. पालखी, हत्यारं मांडून ठेवलीत, ती बघाच. पण मी सांगेन, समोरच्या पायरीवर पाच मिनिटं बसा आणि गादीची उंची बघा. फिर्यादी घेऊन आलेला माणूस आणि राज्य चालवणारी बाई, दोघांच्या डोळ्यांत वीतभर अंतर. हे मनात धरून ठेवा, रविवारी लालबागेत कामी येईल.

सकाळी लवकर गेलात तर लिंगार्चन बघायला मिळतं. काळ्या मातीची इवली इवली शिवलिंगं ब्राह्मण मंडळी फळ्यांवर हातानं वळतात, ओळीनं मांडतात, पूजा होते आणि नंतर ती नर्मदेत सोडतात. बाईंच्या काळापासून रोज चालू आहे. बोटांचा वेग बघत राहावा असा. तिथं गप्पा नकोत, फोटो विचारूनच.

किल्ल्यातल्या एका भागात आता हॉटेल आहे. राहायचं नसेल तर तिकडे आत डोकावायला मिळेल ही आशा ठेवू नका. गाडी किल्ल्यात वरपर्यंत जाते, पण वरून घाटावर उतरायचा जिना लांबलचक आणि उंच पायऱ्यांचा. सासूबाईंना तिथून नेऊ नका. वरचं बघून झालं की गाडीनंच गावातून वळसा घालून घाटाकडे आणा. तरुण मंडळी जिन्यानं उतरू देत, कारण वाटेतच अहिल्येश्वराचं देऊळ आणि विठोजीराव होळकरांची छत्री लागते. पेशव्यांनी 1801 मध्ये पुण्यात ज्यांना हत्तीच्या पायी दिलं, तेच हे विठोजी. त्यांचे भाऊ यशवंतराव पुढच्या वर्षी फौज घेऊन पुण्यावर चालून गेले. शाळेत एका ओळीत संपलेली ही गोष्ट इथं दगडात उभी आहे.

आणि हाच तो दगड, जो महेश्वरी साडीच्या काठावर उतरलाय. माझ्या आवडीचा भाग हा, म्हणून थोडा रेंगाळतो. देवळाच्या जोत्याजवळ वाका. एक पट्टी चटईसारखी विणलेली दिसेल, एक विटांच्या थरांसारखी, एक लाटेसारखी. फोनमध्ये तीन फोटो घ्या आणि मग हातमागावर जा. किल्ल्याच्या आवारात 1978 पासून चालणारी रेवा सोसायटीची विणकामशाळा आहे, बहुतेक बाया विणतात. धोटा खट्‌ करून इकडून तिकडे जातो, फणी पुढे येऊन धागा बसवते, आणि काठात तीच चटई, तीच वीट. मागावरच्या बाईंना तुमचे फोटो दाखवा, त्या हसतात आणि बोट ठेवून नाव सांगतात. काठ उलटा करून बघा, महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता यावा असा असतो, त्याला इथं बुगडी म्हणतात. गावात यंत्रमागाचा मालही हातमाग म्हणून खपवतात. साडीच्या दोन्ही कडांना टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं आहेत का, ते उजेडात धरून बघा. माग ताणून धरणाऱ्या काठीची ती खूण, हातमागाची. दुकानात नेल्याबद्दल गाइडला कमिशन मिळतं, हेही सांगून टाकतो. मलाही देऊ करतात. त्यामुळे कुठल्या दुकानात जा, ते मी सांगणार नाही.

संध्याकाळी होडीनं नदीच्या मधल्या बाणेश्वरापर्यंत जाऊन या. पाण्यातून वळून किल्ला बघितला की तो खरा कळतो. जॅकेट घालायला लावा. काठावर परिक्रमावासी भेटतील, ‘नर्मदे हर’ म्हटलं की ‘नर्मदे हर’ येतं, तेवढं पुरतं.

शनिवारी लोक मांडूला जातात. तुम्ही जाऊ नका. मांडू कमी आहे म्हणून नव्हे, जास्त आहे म्हणून. होशंगशाहचा मकबरा, जामी मशीद, जहाज महाल, रूपमतीचा मंडप. त्याला दोन दिवस आणि धड गुडघे लागतात. अर्ध्या दिवसात फक्त पायऱ्या मोजून होतात. पावसाळ्यात पुन्हा या.

त्याऐवजी नदी ओलांडून कसरावद, बेडियाकडून रावेरखेडीला जा. दिवाळीनंतर बेडियाला लाल मिरचीचा बाजार उभा राहू लागतो, गाडीच्या काचा वर करूनही शिंका थांबत नाहीत. रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. 28 एप्रिल 1740 ला, चाळिशीही न गाठता, ते इथं नर्मदेकाठी छावणीत गेले. तटाच्या आत मोकळं आवार, मध्ये चौथऱ्यावर समाधी, पलीकडे नदीचं पात्र. सजावट काही नाही. शनिवारवाड्याच्या बुलंद दरवाज्यासमोर आपण लहानपणी तोंड वर करून उभे राहिलेलो असतो, त्या घराचा धनी इथं इतक्या आडबाजूला आहे. डबा बरोबर घ्या, आसपास बसून खाण्यासारखं फारसं काही मिळत नाही.

तिथून सनावद, मोरटक्क्याचा पूल, बडवाह करत सिमरोळच्या घाटानं वर इंदूर. रस्त्याचं काम चालू असतं, तासभर जादा धरा. देवदर्शनाचा हट्ट नाही असं लिहिलंय खरं, पण मोरटक्क्याला ओंकारेश्वरची पाटी दिसल्यावर सासूबाई काय म्हणतात ते बघू. ज्योतिर्लिंग तिथून 12 किलोमीटर, आणि शनिवारची गर्दी. त्यांना नेणार असाल तर रावेरखेडीहून दहालाच निघा.

रविवारी सकाळी पहिलं काम पांढऱ्या चर्चचं. रेसिडेन्सीच्या परिसरातलं हे सेंट ॲन्स चर्च 1858 चं, इंदुरातलं सगळ्यात जुनं. आता साल बघा. 1 जुलै 1857 ला सआदत खान आणि त्याच्या लोकांनी इथल्या रेसिडेन्सीवर हल्ला केला, रेसिडेंटचं काम बघणारा ड्युरँड सिहोरकडे पळाला. दुसऱ्या वर्षीचं हे चर्च. आवारातला शांतपणा बघून हे खरं वाटत नाही. रविवारची उपासना संपेपर्यंत बाहेर झाडाखाली थांबा, मग दारं उघडीच असतात आणि माणसंही बोलायच्या मनःस्थितीत असतात. लाल चर्च कॅथलिकांचं, मोठं कॅथीड्रल, ते वाटेवरून बघितलंत तरी चालेल.

मग राजवाडा. आत शिरायच्या आधी समोरच्या फुटपाथवर, बागेच्या कडेला उभे राहा आणि मजले मोजा. सात. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. त्या दोन रंगांच्या मधल्या रेषेत या वास्तूचा सगळा इतिहास आहे, कारण ही वास्तू तीनदा जळली. मल्हाररावांनी 1747 ला काम सुरू केलं, म्हणजे तसं हे घर महेश्वरच्याही आधीचं. पण 1801 ला शिंद्यांच्या फौजेनं, सर्जेराव घाटग्यांनी, इंदूर लुटलं तेव्हा ते जळलं, आणि मंदसोरच्या तहानंतर तात्या जोगांच्या देखरेखीखाली पुन्हा उभं राहिलं. दुसरी आग 1908 ची. तिसरी 1984 च्या दंगलीतली. ती मी पाहिली, आठवीत होतो, आमच्या ओटल्यावरून धूर दिसत होता आणि आजी देवापुढे बसून राहिली होती. मागचा भाग जवळजवळ गेला, दर्शनी भाग तेवढा तगला. आज मागे बघाल ते 2006-07 मधलं नवं बांधकाम आहे, जुन्या पद्धतीनं केलेलं. गाइड सांगत नाहीत, पण खांबांना हात लावलात की जुनं-नवं लगेच कळतं, जुन्या लाकडाला कडा उरलेल्या नसतात.

पायीच कृष्णपुऱ्याच्या छत्र्या बघून या. नक्षी सुरेख, आत राजांचे पुतळे, नदीविषयी मात्र मी बोलत नाही. गांधी हॉल गाडीतूनच बघा, 1904 ला किंग एडवर्ड हॉल म्हणून बांधला, घड्याळामुळे जुनी माणसं अजून घंटाघर म्हणतात. काच मंदिर मुलांना आवडतं, तुमच्या यादीत नव्हतं, ते सोडा.

जेवणानंतर लालबाग. एरवी जाणाऱ्यांसाठी सांगतो, सोमवार टाळा. मी स्वतः एकदा 40 माणसांची बस सोमवारी या बंद फाटकासमोर उभी केलीय, त्या दिवशीचं बोलणं अजून कानांत आहे. 1886 ते 1921 एवढं हे काम चाललं, दुसरे तुकोजीराव, शिवाजीराव, तिसरे तुकोजीराव अशा तीन पिढ्या. फाटक बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर विलायतेत ओतवून आणलेलं. स्वयंपाकघर नदीच्या पलीकडे, तिथून भुयारातून ताटं यायची. नाचघराच्या लाकडी जमिनीखाली स्प्रिंगा आहेत, पाहुणे हटकून पाय आपटून बघतात, तुमच्या पोरांना आवरा. डागडुजीमुळे काही दालनं बंद असू शकतात, तिकीट काढण्याआधी विचारा. बैठकीच्या दालनात आलात की खुर्च्यांची उंची बघा आणि महेश्वरची गादी आठवा. खाली संगमरवर, वर छतावर रंगवलेल्या विलायती देवता, आणि भिंतींमधून महाराज नावाचा माणूस कुठंच सापडत नाही. हे घर पुरं झालं आणि पाचच वर्षांनी, मुंबईच्या मलबार हिलवरच्या बावला खून प्रकरणानंतर, तिसऱ्या तुकोजीरावांना 1926 ला गादी सोडावी लागली.

त्यांचे चिरंजीव दुसरे यशवंतराव. त्यांनी वडलांचा संगमरवर नको म्हणून की काय, एकार्ट मुथेसियस नावाच्या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून 1930 ते 33 मध्ये माणिकबाग बांधून घेतली. सरळ रेषा, साधा बाहेरचा चेहरा, आतलं सामान जर्मनीहून जहाजानं आलेलं, त्या काळात वातानुकूलन. ते सामान 1980 ला मोनाकोत लिलावात गेलं, आज जगभरच्या संग्रहालयांत आणि धनिकांच्या दिवाणखान्यांत आहे. इमारतीत सरकारी कर खात्याचं कार्यालय बसतं. आत सोडत नाहीत, रविवारी तर नाहीच. तरीही रिक्षा पाच मिनिटं थांबवा. रस्त्यावरून झाडांआडून जेवढं दिसेल तेवढं बघा, चौथं घर तेवढंच बघायला मिळतं.

तिथून स्टेशन फार लांब नाही. गाडीत खायला पोहे बांधून घेऊ नका, निवले की त्यांची गंमत जाते. लवंगी शेव घ्या आणि जिरावणाची पुडी, नाशिकच्या पोह्यांवर घालून बघा.